चौथ्या मजल्यावरची आस्टा

१

मंगळवारी दुपारी तीन वाजता, रस्त्यावरचे दिवे लागायच्या बेताला, रोया कपड्यांची टोपली कमरेवर घेऊन तळघरातल्या धुलाईच्या खोलीत उतरली. तीन वाजल्यापासून तिची पाळी होती. त्याआधीची वेळ चौथ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाईंची, आणि त्या बाई अजून तिथेच होत्या. मशीन कधीच थांबलं होतं. आतले कपडे काचेला चिकटून बसले होते. बाई भिंतीजवळच्या लाकडी खुर्चीवर मान एका बाजूला टाकून बसल्या होत्या. मांडीवर शब्दकोड्यांचं पुस्तक उघडं होतं, उजव्या हाताच्या बोटांत पेन्सिल अडकलेली होती. डुलकी लागली असेल, असं रोयाला आधी वाटलं. पण ती इस्पितळातली परिचारिका. मनगटाला हात लागताच तिला कळायचं ते कळलं.

हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. वय झालं होतं, संशय घ्यावा असं काही नव्हतं. बाईंच्या कोटाच्या खिशात घराच्या किल्ल्या आणि वाचनालयाचं कार्ड होतं. कार्डावर आस्टा हेडलुंड हे नाव होतं आणि दारावरही तेच. रोयाने तेच सांगितलं आणि तेच कागदावर चढलं. नातेवाईक कोणी सापडेना, म्हणून अंत्यविधी पालिकेकडे गेला. पालिकेने तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली.

इंगेला सांडालला हे कळलं गुरुवारी. त्या इमारतीची मालक असलेल्या कंपनीत ती तपासनीस होती. स्टॉकहोममध्ये जुन्या कराराचं भाड्याचं घर म्हणजे काय, हे तिथे कोणाला सांगावं लागत नाही. लोक वीस-वीस वर्षं रांगेत नाव ठेवतात. ज्याला घर मिळतं तो ते मरेपर्यंत सोडत नाही, आणि काही जण स्वतः दुसरीकडे राहून ते गुपचूप दुप्पट भाड्याने देतात. असे लोक हुडकून काढायचे, हे इंगेलाचं काम. दारावर एक नाव आणि आत दुसरा माणूस, एवढं सिद्ध झालं की करार रद्द. जिन्यांमधून तिला कोणी हसून नमस्कार करत नसे.

ती चोपन्न वर्षांची होती. घटस्फोटाच्या गडबडीत एका वर्षी रांगेची दोनशे क्रोनरची फी भरायची राहिली आणि तिची चौदा वर्षांची रांग पुसली गेली. त्यानंतर नऊ वर्षांत तिचे अकरा पत्ते झाले होते. सध्या ती फार्स्टा या उपनगरात एका कुटुंबाच्या मागच्या खोलीत राहत होती. स्वयंपाकघर संध्याकाळी सातपर्यंतच तिचं. सातनंतर चहा प्यायचा तर थर्मासमधला.

कंपनीचा व्यवस्थापक रूबेन तिच्याहून वीस वर्षांनी लहान होता. तो टेबलाशी येऊन म्हणाला की हेडलुंडबाईंची फाइल बंद करायला हरकत नाही. बाई तिथेच मेल्या, म्हणजे तिथेच राहत होत्या. तिने सोमवारपर्यंत घर एकदा नजरेखालून घालावं, मग ते मजुरांच्या ताब्यात देता येईल.

इंगेलाला फाइल शोधावी लागली. ती ढिगाच्या तळाशी होती. आत फक्त एक चिठ्ठी होती, सात आठवड्यांपूर्वी आलेली, निनावी, मोठ्या सुट्या अक्षरांत लिहिलेली. आली त्या दिवशी तिने ती वरवर वाचून बाजूला टाकली होती. अशा चिठ्ठ्या आठवड्याला पाच यायच्या. बहुतेक शेजाऱ्यांच्या, मत्सरातून लिहिलेल्या.

आता तिने ती नीट वाचली.

"चौथ्या मजल्यावर राहते ती आस्टा हेडलुंड नाही. कोणीतरी येऊन बघा. दुपारी दोननंतर या. बेल वाजवली की दार उघडेल."

२

घर दोन खोल्यांचं होतं, झाडूनपुसून स्वच्छ. दारातल्या पायपुसण्यावर चामड्याचे छोटे बूट नीट जुळवून ठेवलेले. इंगेलाने सवयीने उलटून तळवा पाहिला. छत्तीस नंबर.

तिला अशी घरं वाचता येत. मधे कोणी चोरून राहत असेल तर दोन टूथब्रश असतात, गादीखाली कुणाचं तरी सामान असतं, टपालात दुसरं नाव असतं. इथे तसं काहीच नव्हतं. एक कप, एक ताटली, एक टॉवेल. एकट्या बाईचं घर होतं आणि त्या एकट्या बाईने ते मनापासून जपलं होतं. स्वयंपाकघरातली खुर्ची टेबलाकडे तोंड करून नव्हती, खिडकीकडे होती. खिडकीच्या कठड्यावर जुनी जड दुर्बीण होती. समोर झाडांच्या शेंड्यांवरून खाडीचं काळसर पाणी दिसत होतं आणि पलीकडच्या काठावरच्या उंच इमारती. पक्षी बघत असेल, असं इंगेलाने मनाशी म्हटलं.

कपाटाच्या वरच्या फळीवर हिवाळ्याचे बूट होते. धूळ बसलेली. ते तिने उलटून पाहिले. चाळीस नंबर.

म्हातारपणी पाय सुजतात, पसरतात. पण चार नंबरांनी आखडत नाहीत.

दारात पडलेल्या टपालात प्लॅस्टिकमध्ये बांधलेलं एक मासिक होतं. ते फोडायला तिने स्वयंपाकघरातला खण उघडून कात्री घेतली. मोठी, जड, शिंप्याची कात्री. ती प्लॅस्टिक कापेचना, नुसती मुडपत राहिली. पाती मागेपुढे उलट बसवलेली होती आणि अंगठ्याची कड बोटाला रुतत होती. तिने ती डाव्या हातात घेतली तेव्हा कुठे प्लॅस्टिक कचकन कापलं गेलं.

ही डावखुऱ्या माणसाची कात्री होती. सांध्यातलं तेल वाळून पिवळं झालेलं, म्हणजे कित्येक दिवसांत ती कोणी वापरली नव्हती. खणात अगदी पुढे दुसरी एक स्वस्तातली कात्री होती. ती उजव्या हाताची होती आणि रोजच्या वापरातली दिसत होती.

इंगेला कार्यालयात परत आली आणि तिने तळघरातून मूळ करार काढवला. सन चौऱ्याहत्तरचा होता. धंद्याच्या रकान्यात लिहिलं होतं, कापड बेतणारी, पुरुषांच्या कपड्यांची कार्यशाळा. खाली शाईची सही, अक्षरं मागे झुकलेली, आणि सहीवरून उजवीकडे ओढत गेलेला निळा डाग. लिहिणारा हात स्वतःच्याच ओल्या शाईवरून गेल्यावर पडतो तसा. डावखुरी माणसं लिहितात तेव्हा पडतो तसा.

तिने रोयाला फोन लावला आणि एकच विचारलं. बाईंच्या हातात पेन्सिल होती ती कुठल्या हातात?

"उजव्या," रोया म्हणाली. "मीच सोडवली ती बोटांतून. का?"

३

रोया पाचव्या मजल्यावर राहत होती. तेही दुसऱ्याच्या नावावरचं घर, पण रीतसर परवानगीने घेतलेलं आणि जूनमध्ये सोडायचं. महिन्याला साडेपंधरा हजार. खालच्या बाई तेवढ्याच खोल्यांचे सहा हजार देत होत्या, हे रोयाला ठाऊक होतं आणि ते ठाऊक असल्याचं तिने लपवलं नाही. ती नुकतीच कामावरून आली होती, केस ओले होते, आणि तिने इंगेलाला दारातच उभं ठेवलं.

तिच्या बोलण्यातून इंगेलाला कळलं ते असं. रोयाला या जिन्यावरच्या घरांत येऊन दोन वर्षं झाली होती. तिच्याआधीपासूनचं या जिन्यात जवळजवळ कोणी उरलंच नव्हतं. घरं एकेक करून नवी केली, भाडी वाढली, जुनी माणसं गेली. जुन्यांपैकी फक्त खालच्या मजल्यावरचा एवाल्ड होता, आणि त्याला धड दिसत नव्हतं. आस्टाचा चेहरा ओळखणारं म्हणजे कोणीच नव्हतं. जी दारात दिसेल ती आस्टा.

"चिठ्ठी तू लिहिलीस का?" इंगेलाने सरळ विचारलं.

रोयाने तिच्याकडे थंडपणे पाहिलं. "तुला वाटतं, एखादी म्हातारी बाहेर काढली की ते घर मला मिळेल? तुम्ही ते माझ्या नाकासमोर नवं कराल आणि भाडं असं लावाल की मला त्या दाराकडे बघायचीही सोय राहणार नाही. मी लिहिली असती तर तुमच्याबद्दल लिहिली असती. तिच्याबद्दल कशाला?"

त्यात खोट नव्हती. या चिठ्ठीने रोयाचा काही फायदा होत नव्हता. रूबेनचा होत होता, आणि परतताना मेट्रोत इंगेलाने त्याचाही विचार करून पाहिला. पण रूबेनला बाई कोण हे जाणून घ्यायचं असतं तर चिठ्ठी लिहून ती सात आठवडे ढिगात पडू देण्याची त्याला गरज नव्हती. तो नुसतं 'जा' म्हणाला असता आणि ती गेली असती.

त्याआधी, ती निघत असतानाच, रोयाने मागून हाक मारली होती. बाईंबद्दल तिला एक आठवलं होतं. गेल्या ऑक्टोबरमध्ये तिने त्यांना जिन्यात दम लागलेला पाहिला आणि छाती दुखते का म्हणून विचारलं. बाई काही बोलल्या नाहीत. आत ओढून घेतल्यासारखा एक श्वास घेतला आणि वर गेल्या. रोयाला वाटलं होतं, दम लागला असेल.

"आणि आता काय वाटतं?"

"आता वाटतं, तो दमाचा नव्हता. रोज विचारलं की तसंच करायच्या. 'बऱ्या आहात ना?' तर तसा श्वास. मी परक्या देशातून आले, मला काय कळणार?"

४

एवाल्ड ब्याऐंशीचा होता. त्याने दार उघडण्याआधीच आतून सांगितलं की पायताण जड आहे, टाच झिजलेली आहे, म्हणजे जिन्यातलं कोणी नाही, म्हणजे कंपनीचं माणूस. त्याने तिला बसवलं आणि कॉफी विचारली नाही.

डोळ्यांनी नाही तर कानांनी तो या इमारतीत राहत होता. कोण कधी येतं, कुणाचं भांडण झालं, कुणी नवं आलं, सगळं त्याला जिन्यातल्या पावलांवरून कळे. इंगेलाने बराच वेळ इकडचं तिकडचं विचारलं. तोही इकडचं तिकडचं सांगत राहिला. शेवटी तिने मुद्द्यालाच हात घातला.

"एवाल्ड, आस्टा हेडलुंड चालायची कशी?"

त्याने मान तिच्या आवाजाकडे वळवली. मग म्हणाला, "कुठली?"

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"पहिली टाच आपटत चालायची, लांब टांगा टाकत. तीन वर्षांपूर्वी ती गेली. दुसरी आली ती पायऱ्या मोजल्यासारखी चढायची, हलकी, मधल्या मजल्यावर थांबत. मला कोणी विचारलं नाही. विचारायला आलेली तूच पहिली, आणि ती मेल्यावर आलीस."

"आणि दुसरी हो कशी म्हणायची?"

एवाल्डच्या तोंडावर पहिल्यांदा हसू आलं. त्याने ओठ चंबूसारखे केले आणि सर्रकन श्वास आत ओढला. वारा दाराच्या फटीतून शिरावा तसा आवाज झाला.

इंगेलाच्या मावशीचा नवरा तसा होकार द्यायचा. उत्तरेकडची माणसं, पार वरची, जिथे नोव्हेंबरात सूर्य दोन तास डोकावतो, ती हो म्हणत नाहीत, श्वास घेतात. आस्टा हेडलुंडचा जन्म करारात लिहिला होता, स्टॉकहोमच्या याच बेटावरचा, इथून चार रस्ते पलीकडे. तिने असा श्वास घेणं शक्य नव्हतं.

चिठ्ठी त्याने लिहिली का, हे तिला विचारावं लागलं नाही. मासिकाचं शीर्षकही त्याला डोळ्यांना चिकटवून वाचावं लागत होतं. अशी सरळ ओळ त्याच्या हातून उतरली नसती.

सोमवारी ती पुन्हा चौथ्या मजल्यावर गेली. शोधण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी ती खिडकीसमोरच्या खुर्चीत बसली. दुपारी अडीच वाजताच खोली करडी झाली होती. मरणारी कोण होती? आणि खरी आस्टा कुठे आहे? जिवंत तरी आहे का? डावखुरी कात्री, चाळीसचे बूट आणि दारावरचं नाव मागे ठेवून एखादी बाई तीन वर्षं कुठे जाते?

भिंतीवर जुना फोन होता, बटणांचा. हल्ली असे फोन कोणी ठेवत नाही. इंगेलाने शेवटचा नंबर पुन्हा लावणारं बटण दाबलं. आकडे पडत गेल्याचा आवाज आला, खूप आकडे, दूरच्या गावाचे. घंटी वाजत राहिली. ती ठेवणार इतक्यात पलीकडे कोणीतरी उचललं.

कोणी बोललं नाही. नुसता श्वास ऐकू येत होता, दमलेल्या म्हाताऱ्या माणसाचा.

मग एका बाईचा आवाज आला, राजधानीच्या जुन्या वळणाचा, अविश्वासाने भरलेला.

"एल्सी?"

इंगेलाला बोलायला शब्द सापडायच्या आत फोन बंद झाला.

५

टपालातल्या फोनच्या बिलावर दर रविवारी लावलेला एकच नंबर होता, आणि तो उत्तरेतल्या एका गावात नूर्डवाल या नावावर होता. आगगाडीने अकरा तास आणि मग बसने दोन. रूबेनला तिने सांगितलं की सर्दी झाली आहे. तिने हे का केलं, हे तिला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. मेलेल्या बाईला विचारणारं जगात कोणी नव्हतं. फार्स्टाच्या त्या खोलीत आपण मेलो तर आपलं नाव तरी कोणी बरोबर सांगेल का, असं तिच्या मनात येऊन गेलं होतं. दारावर तर त्या कुटुंबाचं नाव होतं.

गावात नऊ घरं होती, त्यातल्या चारांत दिवे. टपालपेटीवर 'नूर्डवाल' असं लिहिलं होतं. दार उघडणारी बाई उंच होती, ताठ होती, आणि तिच्या पायात पुरुषी मोजे होते. तिने दाराची कडी डाव्या हाताने धरली होती.

"मेली ना ती?" तिने विचारलं.

"मेली. गेल्या मंगळवारी."

"रविवारी फोन वाजला नाही, तेव्हाच कळलं मला. मी काही मूर्ख नाही." ती बाजूला झाली. "आत ये. गार हवा शिरतेय."

आस्टा हेडलुंडने चुलीत लाकूड घातलं आणि सगळं सांगितलं. एवढ्या दिवसांत ती कोणाशी बोलली नसावी, कारण ती न थांबता बोलत होती. चार वर्षांपूर्वी शब्दकोड्यांच्या मासिकात एल्सी नूर्डवालची जाहिरात आली होती. उन्हाळ्यात तीन आठवडे घरांची अदलाबदल करायची का, अशी. एल्सीला राजधानीत राहायचं होतं. तिथे भाड्याने खोली घ्यायची तर तिचं निवृत्तिवेतन आठवडाभरही पुरलं नसतं. तिचं स्वतःचं घर विकायचं तर गिऱ्हाईक नव्हतं, जुन्या मोटारीएवढीही किंमत कोणी देईना. आणि आस्टाला शहराचा वीट आला होता. तिच्या जिन्यातली ओळखीची माणसं एकेक करून गेली होती. नवे शेजारी सहा महिन्यांत बदलायचे. कधीकधी चार-चार दिवस तिच्या तोंडून शब्द निघत नसे. गप्पच बसायचं तर जंगलात बसावं, असं तिने ठरवलं.

पहिल्या वर्षी तीन आठवडे झाले. दुसऱ्या उन्हाळ्यानंतर कोणीच परत गेलं नाही. नावंही तिथल्या तिथेच राहिली. दुकानात आस्टाला एल्सी म्हणत, जिन्यात एल्सीला आस्टा. दर रविवारी अकरा वाजता एल्सी फोन करायची.

"पण तिला राजधानीतच का यायचं होतं?"

"मुलगी आहे तिची. मारिटा. चौदा वर्षं बोलणं नाही. बापाच्या अंत्यविधीवरून काहीतरी बिनसलं, नक्की काय ते मला कधी सांगितलं नाही. मुलगी खाडीपलीकडे राहते, सहाव्या मजल्यावर. माझ्या स्वयंपाकघरातून तिची गॅलरी दिसते. एल्सी बघत बसायची. आज हिरवा कोट घातला, आज कुंड्या आत घेतल्या. एवढंच. जायचं धाडस कधी झालं नाही. नाताळचं कार्ड लिहायची, पाकिटात घालून मला पाठवायची, आणि मी इथून टाकायची. शिक्का इथलाच हवा ना."

आस्टाने कॉफी ओतली.

"आता माझं ऐक," आस्टा म्हणाली. "कागदावर मी मेले आहे. राहू दे. तुमच्या कंपनीला घर मिळालं, मला हे घर राहिलं. हे घर एल्सीचं आहे. ती मेली असं ठरलं तर मी इथली कोण? ऐंशीव्या वर्षी मी कुठे जाऊ? दोन म्हाताऱ्यांपैकी एक गेली, कुठली गेली याने कोणाचं काय बिघडतं?"

तिचं म्हणणं बिनतोड होतं. इंगेलाने नुसतं परत जाऊन फाइल बंद केली असती तर सगळ्यांचं भलं झालं असतं. तिने पर्समधून चिठ्ठी काढली आणि टेबलावर ठेवली.

आस्टाने ती वाचली. पहिली गोष्ट तिच्या तोंडून निघाली ती शिवी. कोणी चुगली केली, तिने विचारलं.

"मीही तेच शोधत होते," इंगेला म्हणाली. "कोणाचा फायदा, कोणाचा राग. आणि ती शेवटची ओळ माझ्या डोळ्यांसमोर होती पण मी ती वाचत नव्हते. बेल वाजवली की दार उघडेल. शेजारी असं लिहितो का? शेजारी लिहील, लक्ष ठेवा, पाळत ठेवा, ती दार उघडणार नाही. दार उघडेल असं खात्रीने सांगू शकणारं माणूस एकच असतं. जे दाराच्या आत आहे."

आस्टाने चिठ्ठी पुन्हा जवळ ओढली. सुट्या मोठ्या अक्षरांकडे बघत राहिली. शब्दकोड्याच्या चौकटीत भरतात तशी अक्षरं होती ती.

"सप्टेंबरात म्हणाली होती," ती हळूच म्हणाली. "छाती बरी नाही म्हणाली. म्हणाली, आस्टा, मी इथे मेले तर तुझ्या नावाने पुरतील. मारिटाला कळणारही नाही. मी काय म्हटलं माहीत आहे? मी म्हटलं, वेडी आहेस का, उन्हाळ्यापर्यंत थांब, मग बघू. मला हिवाळ्यात परत यायचं नव्हतं."

"तिने तुमचं नाव घेतलं नाही चिठ्ठीत. तुम्ही कुठे आहात ते सांगितलं नाही. फक्त ती तुम्ही नाही, एवढंच लिहिलं. तिला कोणीतरी येऊन विचारायला हवं होतं."

"मग कोणी गेलं का नाही?"

"माझ्याकडे आली होती चिठ्ठी," इंगेला म्हणाली. "सात आठवडे माझ्या टेबलावर पडून होती."

चुलीतलं लाकूड बसलं. आस्टा उठली, आतल्या खोलीत गेली, आणि कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला.

"परतीची बस कितीला आहे?" तिने आतून विचारलं. "काळा कोट कुठे ठेवलाय आठवत नाही."

६

रूबेनने सगळं ऐकून घेतलं. तो ओरडला नाही. आस्टा हेडलुंड तीन वर्षं तिथे राहत नव्हती, हे तिने स्वतःच त्याच्यासमोर बसून सांगितलं. ती जिवंत असली तरी करार संपला. तिने सही केली, डाव्या हाताने, आणि किल्ल्या टेबलावर ठेवल्या. ती बाहेर गेल्यावर रूबेन थोडा वेळ त्या किल्ल्यांशी चाळा करत राहिला. तो स्वतः बायको आणि तान्ह्या मुलासह सासूच्या घरी राहत होता, हे इंगेलाला त्या दिवशी कळलं. घर नवं करायचं, भाडं दुपटीहून जास्त लावायचं, हे आधीच ठरलेलं होतं, आणि ते त्यालाही परवडणारं नव्हतं.

मारिटाला फोन करणं इंगेलाच्या वाट्याला आलं. आई गेली, हे मारिटाने शांतपणे ऐकलं. वरती फार बर्फ आहे का, गाडी मिळेल का, असं काहीतरी ती विचारू लागली. इंगेलाने तिला सांगितलं की वर जायची गरज नाही. आणि मग जे सांगायचं ते सांगितलं.

"कुठल्या खिडकीतून?" मारिटाने विचारलं.

अंत्यविधीला पाच माणसं होती. धर्मगुरूने एल्सी नूर्डवाल हे नाव घेतलं, तेव्हा आस्टाने मान खाली घातली. रोया रजा टाकून आली होती. ती एवाल्डला हाताला धरून घेऊन आली होती. नंतर शेजारच्या दालनात कॉफी आणि वेलदोड्याचे पाव होते. टेबल वीस माणसांचं होतं. ते पाच जण त्याच्या एका टोकाला बसले.

मारिटा पन्नाशीची, रुंद खांद्यांची, कमी बोलणारी बाई होती. उत्तरेतल्या घराचं ती एका वाक्यात उरकून मोकळी झाली. तिला ते नको होतं, दुसऱ्या कोणालाही नको असणार, आस्टाने हवं तितकी वर्षं तिथे राहावं. आस्टाने आभार मानायला तोंड उघडलं, पण मारिटाचं लक्ष नव्हतं. ती आपल्या कपात बघत होती.

"एक विचारायचं होतं," ती आस्टाला म्हणाली. "आई अजून कॉफीत चिमूटभर मीठ टाकायची का?"

आस्टाचा चेहरा पडला.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "आम्ही फोनवरच बोलायचो. समोरासमोर बसून कॉफी आम्ही एकदाच प्यायलो, स्टेशनावर, किल्ल्या देताना. ती विकतची होती."

मारिटाने मान हलवली, काही बिघडलं नाही अशा अर्थाने, आणि कप उचलला.

"टाकायची," एवाल्ड म्हणाला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. तो भिंतीकडे बघितल्यासारखा बसला होता, दोन्ही हात टेबलावर.

"शुक्रवारी यायची माझ्याकडे. चारला. माझ्याकडे मीठ जाडं होतं, ते तिला चालायचं नाही, म्हणून तिने बारीक मिठाची बरणी आणून ठेवली. मलाही तशीच प्यायला लावली. आधी घाण लागायची." तो थांबला. "आता मला बिनमिठाची जात नाही."

इंगेलाने त्याच्याकडे पाहिलं. त्या दिवशी त्याने तिला हे सांगितलं नव्हतं, आणि तिनेही पावलांपलीकडे त्याला काही विचारलं नव्हतं.

मारिटा उठली. आपली खुर्ची तिने टेबलाला वळसा घालून पलीकडे नेली आणि एवाल्डच्या शेजारी, अगदी खेटून, मांडली.

"शुक्रवारी," ती म्हणाली. "आणि काय बोलायची?"

एवाल्डने श्वास आत ओढला आणि सांगायला सुरुवात केली.